लॅब मादी, पूडल नर: माजाआधीच्या तपासण्यांपासून आठव्या आठवड्यापर्यंत

"क्रॉस आहे ना, मग आजार कसले?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी वाद घालत नाही, कागद पुढे करतो. लॅब्राडोर मादी आणि पूडल नर यांचं वेत घ्यायचं ठरलं की मी आधी एका कागदावर दोन रकाने पाडतो. डावीकडे लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आजार, उजवीकडे पूडलमधले. जे नाव दोन्हीकडे आलं त्याला लाल गोल. एकाच जातीत असलेला अप्रभावी दोष (आई आणि बाप दोघांकडून आला तरच आजार करणारा) संकरात पहिल्या पिढीपुरता झाकला जातो. लाल गोलातल्या आजाराला मात्र संकर करून काडीचा फरक पडत नाही.

त्या गोलात सगळ्यात वर असतो पीआरसीडी-पीआरए. यात डोळ्याचा पडदा हळूहळू झिजतो. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग उजेडातही. लक्षणं बहुतेकदा कुत्रं मोठं झाल्यावर दिसतात, तोवर त्याची एक-दोन वेतं होऊनही गेलेली असतात. दोष अप्रभावी आहे. आईबाप दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः धडधाकट पण अंगात दोषाची एक प्रत बाळगणारे, तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. ही शक्यता दर पिल्लामागे असते, "आठातली दोनच" असा हिशेब नसतो. एकही निघणार नाही किंवा चारही निघतील. एक वाहक आणि एक स्वच्छ (दोष अजिबात नसलेला) असेल तर आजारी पिल्लू होत नाही, साधारण निम्मी वाहक होतात. म्हणून गुणी मादी वाहक निघाली तर मी तिला बाद करत नाही, नर मात्र स्वच्छच शोधतो.

लॅबकडून येणारा ईआयसी (जोराच्या पळापळीनंतर मागचे पाय लुळे पडणं) आणि पूडलकडचा रक्त न गोठण्याचा व्हॉन विलेब्रांड प्रकार १, यांचीही चाचणी करून घेतो. ईआयसी पहिल्या पिढीत सहसा त्रास देत नाही. पण त्याच पिल्लांची पुढे आपसांत जोडी लावली की दोन वाहक समोरासमोर येतात. लोकांचा घोळ नेमका इथे होतो: पहिल्या वेताच्या तपासण्या दाखवून दुसऱ्या पिढीची पिल्लं दिली जातात.

डीएनएसाठी गालाच्या आतून ब्रश फिरवायचा असतो. काम सोपं, तरी नमुने बाद होतात. खाणं होऊन तास तरी झालेला हवा, ब्रश गाल आणि हिरडीच्या मध्ये पंधरा-वीस सेकंद घोळवायचा आणि पाकिटात घालण्याआधी हवेवर पूर्ण वाळू द्यायचा. ओला ब्रश प्लॅस्टिकमध्ये बंद केला की बुरशी येते. पिल्लांचा नमुना घ्यायचा असेल तर त्यांना आधी काही वेळ आईपासून दूर ठेवायचं, नाहीतर तोंडातल्या दुधाबरोबर आईच्या पेशी जातात आणि अहवाल भलताच येतो. डॉक्टरांनी कुत्र्याच्या कातडीखालची ओळखीची मायक्रोचिप वाचावी आणि नमुना त्यांच्यासमोरच घेतलेला असावा. चिपचा क्रमांक नसलेला अहवाल कुठल्याही कुत्र्याचा असू शकतो, असा कागद घेऊन आलेल्या नराला मी नकार देतो.

खुब्याचा सांधा नीट न बसण्याच्या दोषाला (हिप डिस्प्लेशिया) डीएनए चाचणीचा आधार नाही. तो दोष अनेक जनुकांचा आणि शिवाय वजन-व्यायामाचा, दोन्ही जातींत आढळणारा; म्हणजे परत लाल गोल. त्याला एक्स-रेच लागतो, तोही गुंगी देऊन, कारण मागचे पाय सरळ ताणून आतल्या बाजूला वळवावे लागतात. जागं कुत्रं तसं पडून राहत नाही आणि कंबर जराशी तिरकी झाली तरी एक खुबा खोटाच वाईट दिसतो. अमेरिकी ओएफए पद्धतीत अंतिम दाखला २४ महिन्यांनंतर मिळतो. ब्रिटिश पद्धतीत एक वर्षानंतर. तिथे प्रत्येक खुब्याला ० ते ५३ गुण, दोन्ही मिळून १०६ पर्यंत, आणि गुण जितके कमी तितका सांधा चांगला. माजाच्या आसपास आणि अंगावर पिल्लं असताना हा एक्स-रे काढू नये, त्या दिवसांत सांधे सैल दिसू शकतात. कोपरांचा एक्स-रे त्याच गुंगीत उरकावा. नर छोट्या आकाराचा पूडल असेल तर गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते का, हे हातानेच तपासून घ्यावं.

डोळ्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून दरवर्षी. बाहुली मोठी करणारे थेंब घालून वीस-तीस मिनिटं थांबावं लागतं, मग अंधाऱ्या खोलीत डोळे पाहतात. डीएनए स्वच्छ असताना हे कशाला, असं विचारतात. डीएनए ठरावीक दोषच ओळखतं. मोतीबिंदू किंवा उलट्या वळलेल्या पापण्या त्यात दिसत नाहीत. आकडी, ॲडिसन (मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा आजार), पूडलच्या कातडीतल्या तैलग्रंथींचा आजार, यांना तर सरळ अशी डीएनए चाचणीच हाताशी नाही. तिथे नराच्या भावंडांची आणि आधीच्या पिल्लांची चौकशी हाच उपाय. मी मालकाला थेट विचारतो: "याच्या वेतातलं कुठलं पिल्लू औषधावर आहे का?" उत्तराआधी किती वेळ जातो, तेही पाहतो.

ब्रुसेल्ला कॅनिस या गर्भपात घडवणाऱ्या जंतूची रक्तचाचणी नर-मादी दोघांची, प्रत्येक वेळी, मेटिंगच्या आधी. "ती तर कुमारी आहे" हे कारण चालत नाही, जंतू तोंडावाटेही जातात. गर्भ पडतात आणि आजार माणसालाही लागतो.

हे सगळे अहवाल माज येण्याच्या दोन महिने आधी हातात हवेत. माज सुरू झाल्यावर धावाधाव करणारा माणूस शेवटी "या वेळी असू दे" म्हणतो.

रक्त दिसलं तो पहिला दिवस धरायचा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बघायचं. साधारण २ नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटरला एलएच (अंडी सुटायला चालना देणारं संप्रेरक) उसळतं, ५ च्या आसपास अंडी सुटतात, म्हणजे ओव्ह्युलेशन होतं. सुटलेली अंडी लगेच फळत नाहीत, पक्व व्हायला त्यांना आणखी दोन दिवस लागतात. म्हणून ५ ला पोचल्यावर दोन दिवसांनी पहिलं मेटिंग आणि ४८ तासांनी दुसरं. दिवस मोजून "अकरावा आणि तेरावा" धरणारे बरेचदा हुकतात, कारण काही माद्या आठव्या दिवशी तयार होतात, काही विसाव्या.

या आकड्यात दोन खड्डे आहेत. पहिला एककाचा. काही प्रयोगशाळा नॅनोमोलमध्ये उत्तर देतात आणि १ नॅनोग्रॅम म्हणजे जवळजवळ ३.१८ नॅनोमोल. अहवालावर १६ दिसलं आणि ते नॅनोग्रॅम समजलात, तर वेळ निघून गेली असं वाटून माज सोडून द्याल. खरं तर तोच दिवस ओव्ह्युलेशनचा. दुसरा खड्डा नळीचा. जेल असलेल्या नळीत रक्त राहिलं तर जेल प्रोजेस्टेरॉन शोषतं आणि आकडा कमी येतो. साधी नळी मागावी आणि एका माजात सगळे नमुने एकाच यंत्रावर करावेत.

ओव्ह्युलेशनचा दिवस पक्का असेल तर विण्याची तारीख त्यापासून ६३ दिवस, एक दिवस इकडे-तिकडे. मेटिंगपासून मोजलं तर ५७ ते ७२ इतका पसारा होतो. सिझेरियनची पाळी आली तर हाच फरक जीव वाचवतो. सोनोग्राफी २५ ते ३० दिवसांत. ती गाभण आहे हे सांगते, पिल्लांचा आकडा सांगायला ती भरवशाची नाही. आकड्यासाठी ५५ दिवसांनंतरचा एक्स-रे, कण्यांची आणि डोक्यांची मोजणी करून.

खुराक पाचव्या आठवड्यापासून हळूहळू वाढवायचा, शेवटी नेहमीच्या सव्वा ते दीडपट, पिल्लांच्या खाद्याचा. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र गाभणपणात नकोत. बाहेरून मिळालं की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायची सवय सोडतं, आणि दूध भरात असताना मादी थरथरायला लागते; गाईच्या दुग्धज्वरासारखाच प्रकार. जंतांसाठी ४० व्या दिवसापासून व्यायल्यानंतर १४ व्या दिवसापर्यंत रोज फेनबेंडाझोल, किलोला ५० मिलिग्रॅम, डॉक्टरांनी वजन पाहून ठरवलेलं. जंताच्या अळ्या गर्भातच पिल्लांत जातात, त्यामुळे स्वच्छ घरातलं पिल्लूही जंत घेऊनच येतं.

विण्याच्या पेटीच्या कडेने भिंतीपासून आणि तळापासून दहा-दहा सेंटीमीटरवर दांडी हवी. आई भिंतीला टेकून बसली की मागे अडकलेलं पिल्लू त्या फटीत वाचतं. ५८ व्या दिवसापासून दिवसातून तीनदा ताप बघतो. एरवी ३८ च्या वर असणारा पारा ३७.२ च्या खाली उतरला की बहुधा चोवीस तासांत कळा सुरू होतात. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू नाही, पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव, किंवा आत पिल्लं असताना दोन तासांवर खंड: यांतलं काहीही झालं तर डॉक्टरांना फोन, अंदाज नाही. हिरवा रंग वार सुटल्याचा असतो. पिल्लं येऊ लागल्यावर तो दिसणारच, आधी दिसला तर आतल्या पिल्लाचा प्राणवायू तुटतोय. वारही मोजायची, कुत्री ती पटकन खाऊन टाकते, म्हणून प्रत्येक पिल्लापुढे खूण करत जायचं.

पहिल्या दोन आठवड्यांत माझा सगळा विश्वास स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा धागा, सकाळ-संध्याकाळ वजन, ग्रॅममध्ये. वहीतली एक ओळ अशी: निळा, ४१० जन्माला, संध्याकाळी ४०२, दुसऱ्या सकाळी ३६४. बाकीची पिल्लं तोवर जन्माच्या वजनावर परतलेली. निळा ओरडत नव्हता, आचळाला चिकटलेलाही दिसत होता. चोखण्याचा आवाज मात्र नव्हता. दहा टक्क्यांहून जास्त घट म्हणजे वाट बघायची नाही. ताप घेतला तर ३४.६. अशा थंड पिल्लाच्या पोटात दूध घातलं तर ते तसंच पडून कुजतं, म्हणून आधी तासभर अंगाच्या उबेने सावकाश गरम करायचं, ३६ च्या जवळ आल्यावर मगच मागच्या भरलेल्या आचळाला लावायचं. निळा संध्याकाळी ३७१, दुसऱ्या दिवशी ३९५. पुढे रोज पाच ते दहा टक्के वाढ आणि आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट, हे माप. पेटीचा एक कोपरा पहिल्या आठवड्यात ३० अंशांच्या आसपास, दुसरा थंड, म्हणजे पिल्लांना सरकायला जागा राहते.

चीक पहिल्या बारा तासांत पोटात गेला पाहिजे. त्यानंतर आतड्यातून प्रतिकारशक्ती रक्तात उतरणं झपाट्याने कमी होतं. जंताचं औषध २, ४, ६ आणि ८ आठवड्यांना. तिसऱ्या आठवड्यापासून वेगवेगळ्या जमिनी, भांड्यांचे आवाज, अनोळखी हात. नव्या गोष्टींची सवय लागण्याची ही खिडकी बारा-चौदा आठवड्यांत मिटत जाते आणि तिचा मोठा भाग माझ्याच घरात संपतो.

केसांबद्दल मी घेणाऱ्याला लेखी देतो. १९८९ साली ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेसाठी ही जोडी लावली, ती एका दृष्टिहीन बाईंच्या नवऱ्याला ॲलर्जी होती म्हणून. तीन पिल्लांपैकी एकच त्यांना सोसलं. मिशा-दाढीचा जनुक प्रभावी असतो, त्यामुळे पहिल्या पिढीत सगळीच दाढीवाली दिसतात. दुसऱ्या पिढीत चारांतलं एखादं गुळगुळीत तोंडाचं आणि भरपूर केस गाळणारं निघतं. ॲलर्जी लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते, म्हणून घरातल्या ॲलर्जीवाल्याने पिल्लांत दोनदा येऊन तासभर बसावं, मगच बोलणं पुढे.

आठ आठवडे भरल्याशिवाय पिल्लू बाहेर जात नाही. सोबत जाते ती फाइल: चिप क्रमांक, आईबापांचे अहवाल, लस आणि जंताच्या तारखा, वजनाचं पान, चालू खाद्याची पिशवी, आणि कधीही नको झालं तर पिल्लू माझ्याकडेच परत येईल असा सही केलेला कागद. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरात: आठ ते बारा महिन्यांत पिल्लाचे केस बदलतात, तेव्हा कानामागे आणि काखेत कातडीपर्यंत धातूचा कंगवा रोज फिरवा. वरवर ब्रश मारला तर आत नमदा तयार होतो आणि मग भादरण्याशिवाय इलाज नसतो.