स्टेअरिंग फिरवलं की टुंग... आमच्या जुन्या गाडीचा आवाज शोधताना

आमची गाडी 2007 ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, हायड्रॉलिक (म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) पॉवर स्टेअरिंगवाली. बाबांनी हौसेने घेतलेली, त्यामुळे विकायचा विषय घरात कोणी काढत नाही. यंदा पावसाळा संपता संपता तिचं नवीनच काहीतरी सुरू झालं, पार्किंगमधून काढताना स्टेअरिंग फिरवलं की पुढून टुंग... टुंग, जाड तार ताणून सोडल्यावर येतो ना तसा आवाज. खंबाटकी घाटात काही नाही, हायवेला काही नाही, साताऱ्यात घरी येऊन गल्लीत गाडी लावायला घेतली की परत टुंग.

गॅरेजमध्ये दाखवली तर पाच मिनिटांत उत्तर आलं, रॅक (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा आडवा दांडा) गेलाय, बदलावा लागेल. गेलाही असेल, पण गाडी जॅकवरसुद्धा न घेता एवढा खर्च सांगितला हे मला अजिबात पटलं नाही. मग रविवारी सकाळी मी आणि बाबा खाली उतरलो.

आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, आधी फक्त एवढंच बघायचं ठरवलं. कारण बॉडी सगळी पत्र्याची, चाकाजवळचा आवाज पत्र्यातून फिरत ड्रायव्हरच्या पायाशी ऐकू येतो आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पहिल्यांदा इंजिन बंद करून, किल्ली ऑनला ठेवून (नाहीतर स्टेअरिंग लॉक होतं) बाबांना फिरवायला सांगितलं. स्टेअरिंग चांगलंच जड लागतं तसं, पण टुंग आलाच. म्हणजे स्टेअरिंगचा पंप आणि त्याला फिरवणारा बेल्ट दोन्ही संशयातून सुटले, इंजिन बंद असताना ते फिरतच नाहीत. पंपाचा आवाज वेगळाच असतो, ऑइल कमी झालं की घूंऽऽ करतो आणि रेस दिली की वाढतो, बेल्ट ढिला असेल तर फुल लॉकला (स्टेअरिंग एका टोकापर्यंत फिरवल्यावर) चीं करतो. तरी ऑइल बघून घेतलं, लेव्हल बरोबर होती, फेस नव्हता.

ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचा) सीव्ही जॉइंट, म्हणजे सांधा, गेला तर चालत्या गाडीत वळताना कट-कट-कट येतं, आमचा उभ्या गाडीत येत होता, आणि शाफ्टचे बूटही (सांध्यावरची रबरी कव्हरं) फाटलेले नव्हते. मग मागच्या चाकांना दगड लावून पुढचं एकेक चाक उचललं, खाली स्टँड लावला (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात-डोकं घालू नका, खरंच सांगतो) आणि चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं. टाय रॉड एंडला (रॅक आणि चाक जोडणाऱ्या सांध्याला) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असता तर इथेच खटखट लागलं असतं. वर-खाली धरूनही हलवलं, बॉल जॉइंट (चाकाखालचा गोल सांधा), चाकाचं बेअरिंग, सगळं घट्ट.

राहिला शॉकअप. गाडी परत जमिनीवर घेतली, बाबा स्टेअरिंगवर, मी वाकून शॉकअपभोवतीच्या स्प्रिंगला बाहेरून नुसता तळहात टेकवला, बोटं कॉइलमध्ये अजिबात घालायची नाहीत. डावी स्प्रिंग चाकाबरोबर लोण्यासारखी फिरली. उजवी मात्र आधी हललीच नाही, नुसती पिळत राहिली आणि मग एकदम उडी मारून सुटली, टुंग! हाताला तो झटका इतका स्पष्ट लागला की मी ओरडलोच, बाबा, सापडलं!

शॉकअपच्या वरच्या माउंटिंगमध्ये बेअरिंग असतं, त्याच्यामुळे स्प्रिंग चाकाबरोबर सहज वळते. ते जाम झालं की स्प्रिंग पिळली जाते आणि मग सुटते. आमची गाडी चारही महिने उघड्यावर पावसात असते, पाणी आत गेलं असणार. आणि बाबा दोन महिन्यांपासून म्हणत होते की वळण झाल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ होत नाही, ओढून आणावं लागतं, तेही ह्याचंच लक्षण होतं आणि मी हवेचं प्रेशर कमी असेल म्हणून सोडून दिलं होतं, त्याचं मला आता फार वाईट वाटतं.

पुढचं काम घरी केलं नाही. स्प्रिंग दाबून बांधायला खास स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो आणि ती चुकून सुटली तर जीवावर बेतू शकतं. दुसऱ्या मेकॅनिककडून दोन्ही बाजूंची माउंटिंग आणि बेअरिंग बदलून घेतली, मग अलाइनमेंट केलं. रॅकला हात लावावा लागला नाही.

जुनं उजवं बेअरिंग मी मागून आणलं. हातात धरून फिरवलं तर करकरत अडकतं, आतून तांबूस पाणी येतं. बाबांनी ते पुसून खिडकीत ठेवलंय, आल्यागेल्याला फिरवून दाखवतात.