वाचनाची वही : चैत्र ते कार्तिक

गुढीपाडव्याला सुरू केलेल्या वहीची सव्वीस पाने भरली आहेत, तेव्हा वाचनाचा छंद नेटाने जपणाऱ्या मंडळींसमोर तिचा हिशेब मांडायला हरकत नसावी. बेळगावात कार्यालय आणि खानापूर तालुक्यातल्या गावांत महिला बचत गटांचे काम, अशी आमची लहानशी संस्था आहे. तिची प्रमुख म्हणून माझा दिवस सुरू कधी होतो ते सांगता येते, संपतो कधी ते सांगता येत नाही. वहीत चार रकाने आखले होते : तारीख, पुस्तक, पाने आणि बैठक कशाने मोडली. शेवटचा रकाना सहज म्हणून आखला होता, पण पुढे तोच सर्वांत उपयोगी ठरला.

चैत्र-वैशाखात एकूण ३८ बैठकी झाल्या. त्यांपैकी २३ फोनने मोडल्या, ९ झोपेने आणि ६ पाहुण्यांनी. वेळ नाही ही माझी वर्षानुवर्षांची तक्रार या आकड्यांपुढे टिकली नाही, कारण वेळ निघत होता, पण सलग राहत नव्हता. वैशाखाच्या अखेरीस फोन रात्री साडेनऊनंतर देवघराच्या फळीवर ठेवायचा असे ठरवले आणि खरोखर तातडीचे काही असेल तर यजमानांच्या फोनवर कळवा, असे सहकाऱ्यांना सांगून टाकले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्या फोनवर तीनच निरोप आले, त्यांतला एक तर चावी कुठे ठेवली हे विचारणारा होता.

ज्येष्ठात केलेला प्रयोग मात्र साफ फसला. बेळगाव-खानापूर हा प्रवास आठवड्यातून तीनदा होतो, म्हणून बसमध्ये वाचायचे ठरवले होते. पण २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आहे आणि सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. आमच्या गटांतल्या बायका या शून्य रकमेच्या तिकिटावर बाजाराला, दवाखान्याला, माहेराला जाऊ लागल्या, याचा मला मनापासून आनंद आहे. एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने पान उलटता येत नाही, एवढेच काय ते दुःख. त्याच महिन्यात बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात पुन्हा नाव घातले. १८४८ पासून चालत आलेल्या वाचनालयाच्या पुस्तकावरचा परतीच्या तारखेचा शिक्का माझ्या संकल्पांपेक्षा अधिक जरब बसवतो, असा अनुभव आहे.

खरी अडचण आषाढात ध्यानात आली. मी दिवसभर वाचतच असते : प्रस्ताव, अहवाल, ठराव, पावत्या. या वाचनात डोळा आकड्यांवर आणि तारखांवर उड्या मारत जातो, मधला मजकूर गाळतो, आणि तीच खोड रात्री कथेच्या पानावरही सुटत नाही. एका संध्याकाळी चाळीस पाने झाली म्हणून वहीत मोठ्या समाधानाने लिहिले आणि नायिकेच्या भावाचे नाव काही केल्या आठवेना.

यावर औषध सापडले ते कन्नडात. माझे शिक्षण मराठी माध्यमातले. कन्नड बोलते बऱ्यापैकी, वाचते मात्र दुसरीतल्या मुलीसारखे. कार्यालयात येणारी परिपत्रके कन्नडात असतात आणि आजवर ती कोणाकडून तरी वाचून घेत असे. आषाढात रोज वीस मिनिटे ती स्वतः वाचायची असे ठरवले. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या पोटाखाली बसलेले असते, त्यामुळे डोळ्याला खाली उतरून पुन्हा वर यावे लागते आणि उडी मारायची सोयच उरत नाही. शिवाय कन्नडात ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, हा भेद आपल्या कानाला नवा. मी मोठ्याने वाचत असताना आमच्या क्षेत्रकार्यकर्तीने एकदा थांबवले. “अक्का, ‘कोडु’ आखूड म्हणा की. लांबवलासा तर ‘दे’चं ‘शिंग’ होतंय.” त्या दिवशी वीस मिनिटांत अकरा ओळी झाल्या. पण त्याच रात्री मराठी पुस्तक उघडले तेव्हा डोळा आपोआप शब्दाशब्दावर टेकत होता, आणि कितीतरी वर्षांनी एखादे वाक्य आवडले म्हणून मी ते पुन्हा वाचले. (सीमाप्रश्नासाठी या वहीत रकाना नाही.) तेव्हापासून पानांच्या रकान्यात आकडे घटले आहेत : वैशाखात ४१२, आषाढात १६८. ही घट मी प्रगती म्हणून नोंदवते.

श्रावणात कामासाठी कणकुंबीला दोन रात्री मुक्काम पडला. मलप्रभेचा उगम याच गावात आहे आणि पाऊस असा, की बोलणाऱ्याने ओरडावे. वीज गेली, मागोमाग रेंजही गेली. सोबत दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ होते. त्यात मराठी महिन्यामागे एक लेख असल्याने चैत्रापासून मी त्या त्या महिन्यातच तो तो लेख वाचत आले आहे. श्रावणाचा लेख चार्जिंगच्या दिव्यापाशी सलग दोनदा वाचला. दमट हवेने पाने इतकी मऊ पडली होती, की उलटताना आवाज होत नव्हता. परतल्यावर पाहिले तर खालच्या कोपऱ्यावर बुरशीचा हिरवा ठिपका उमटलेला होता. आता पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत कडुनिंबाची वाळलेली पाने, असा सरंजाम असतो.

भाद्रपदाची पाने जवळजवळ कोरी आहेत. गणपती आणि ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचा लेखापरीक्षणाचा अहवाल एकाच महिन्यात आले आणि चौथ्या रकान्यात ओळीने ‘व्हाउचर’ हा एकच शब्द पडला आहे. पुढच्या वर्षी या काळात कादंबरी हाती घ्यायची नाही, कवितांचे पुस्तक घ्यायचे. कविता मध्येच सोडली तरी रुसत नाही.

कार्तिकात आतापर्यंत १३ बैठकी झाल्या असून फोनने एकच मोडली. परकीय देणग्यांचे विवरणपत्र ३१ डिसेंबरच्या आत भरायचे असल्याने मार्गशीर्षाची धास्ती आहे. कन्नडाचा वेग वीस मिनिटांना पंचवीस ओळींवर आला आहे, आणि परवा क्षेत्रकार्यकर्तीने तिच्या मुलाचे पहिलीचे पाठ्यपुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवले. परिपत्रकात गोष्ट नसते, असे तिचे म्हणणे.