पंधरा सप्टेंबर, अविधवा नवमी आणि काकांचे साडेएकतीस लाख

२०२५ ला इन्कम टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली तेव्हा आमच्या क्लायंट लोकांनी जो सुस्कारा सोडला ना, तो मला इथे इंदूरात ऑफिसात बसून ऐकू आला. फॉर्मच उशिरा आले होते, त्यात कॅपिटल गेनचे, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या फायद्याचे, कॉलम बदललेले, २३ जुलै २०२४ च्या आधी विकलं का नंतर ते वेगवेगळं दाखवायचं, म्हणून मे महिन्यातच सरकारनी मुदत वाढवून टाकली. बरंच झालं म्हणा. पण लगेच फोन यायचे बंद. जूनमध्ये जे लोक "ताई माझं कधी करताय" म्हणून मागे लागतात ते सगळे गायब, आणि मग गणपती बसले, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर बघून झाल्या, आणि त्यानंतर सगळे एकदम जागे झाले.

मी एक छोटी टॅक्स प्रॅक्टिस चालवते, पगारदार, पेन्शनर, सियागंज बाजारातले थोडे व्यापारी, एकदोन डॉक्टर. तारखांसाठी एक्सेल आहे, मोबाइलवर रिमाइंडर आहेत, पण माझा खरा विश्वास भिंतीवरच्या कालनिर्णयवर. ७ ला टीडीएस भरायचा, ११ आणि २० ला जीएसटीची रिटर्नं, जीएसटीआर-१ आणि ३बी, तीन महिन्यांनी भरणाऱ्यांचं आपल्या मध्य प्रदेशात २२ ला, सगळं लाल पेननी लिहिलेलं. सप्टेंबरच्या १५ च्या चौकोनात छापलेलं होतं अविधवा नवमी, आणि त्याच्या खाली माझ्या अक्षरात "आयटीआर लास्ट + ॲडव्हान्स टॅक्स ४५%". चौकोनात अजून काही मावण्यासारखं नव्हतंच.

तर शनिवारी, १३ ला, दुपारी काका आले. नाव नाही सांगत. आमच्या वडिलांच्या ओळखीचे, सरकारी नोकरीतून रिटायर, काकू चार वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा बंगळुरूला. काकांचं रिटर्न म्हणजे पेन्शन, एफडीचं व्याज, अर्ध्या तासाचं काम, म्हणून मी त्यांना मुद्दाम शेवटी ठेवते, तेवढाच जरा श्वास मिळतो. चहा सांगितला, पोर्टल उघडलं. २६एएस मध्ये, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या उताऱ्यात, नेहमीचंच, बँकेनी कापलेला थोडा टीडीएस. मग एआयएस उघडलं, त्यात खात्याकडे आलेली वर्षभरातल्या व्यवहारांची माहिती असते, आणि तिथे एक ओळ दिसली, स्थावर मालमत्तेची विक्री, ४४ लाख.

"काका, लोकमान्य नगरचं घर विकलंत?"

"हो, संक्रांतीनंतर. सांगितलं नव्हतं का मी?"

"नाही."

"अगं बेटा, त्यावर टॅक्सच नाही ना. दुसरा फ्लॅट घेतोय आपण. आमच्यात एक जण सकाळी फिरायला येतात, त्यांना सगळं कळतं यातलं, ते म्हणाले दोन वर्षांत घर घेतलं की विषय संपला."

आमच्या फॉर्मात प्रश्न असतो, वर्षात प्रॉपर्टी विकली का. काकांनी त्याच्यासमोर डॅश मारलेली. टॅक्स नाही तर कशाला लिहायचं, हा त्यांचा हिशोब. आणि ५० लाखांच्या खालचा सौदा असल्यामुळे घेणाऱ्यानी टीडीएस कापायचा प्रश्नच नव्हता, म्हणून २६एएस कोरं. पण रजिस्ट्री ३० लाख किंवा त्याच्या वरची असली की रजिस्ट्रारकडून माहिती इन्कम टॅक्सला जातेच, ती अशी एआयएसमध्ये येऊन बसते.

आता त्या फिरायला येणाऱ्या गृहस्थांचं काही चूक नव्हतं, दोन वर्षं बरोबरच आहेत. राहतं घर विकलं, फायदा झाला, त्या फायद्यातून विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरं घर घेतलं किंवा तीन वर्षांत बांधलं तर कलम ५४ खाली सूट. त्यांनी अर्धंच सांगितलं एवढंच. तोवर पैसे कुठे ठेवायचे हेही कायद्यात लिहिलंय. रिटर्नच्या ड्यू डेटपर्यंत जेवढे घरात घातले तेवढे घातले, उरलेला फायदा त्या तारखेच्या आत बँकेत एका खास खात्यात टाकावा लागतो, कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम, १९८८ पासूनची आहे. साध्या एफडीत असले तर ते धरत नाहीत. रिटर्न लेट झालं तर पाच हजार रुपये भरून डिसेंबरपर्यंत भरता येतं, सगळ्यांना ते पाच हजार माहिती असतात आणि बरेच जण त्याच्यावरच निवांत असतात, पण या खात्याला पाच हजारवाली खिडकीच नाही. कोर्टात जाऊन काही लोकांना दिलासा मिळालाय, पण बहात्तर वर्षांच्या माणसाला मी कोर्टाच्या भरवशावर ठेवू का?

कागदावर मांडलं. २००३ साली साडेचार लाखांना घेतलेलं, विकलं ४४ ला, फायदा साडेएकोणचाळीस. बिल्डरला आठ देऊन झालेले. राहिले साडेएकतीस. इंडेक्सेशन लावून, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून, २० टक्के आणि न लावता साडेबारा, दोन्ही करून पाहिलं, साडेबारा स्वस्त पडत होता तरी सेस धरून चार लाखांच्या वरच जात होता.

"पैसे कुठे आहेत काका?"

"एफडी केलीय. प्रायव्हेट बँकेत, व्याज चांगलं देतात." आणि मग जरा अभिमानानी, "रजिस्ट्री दसऱ्याला करायची ठरलीय, पितृपक्षात कुठे करणार."

मी कालनिर्णयकडे बघितलं. दुसरा शनिवार, बँका बंद. उद्या रविवार. परवा १५.

काकांना समजावायला वेळ लागला नाही खरं तर, चार लाखांचा आकडा ऐकला की माणूस लवकर समजतो. त्यांची अडचण वेगळीच होती. "पितृपक्षात नवीन खातं उघडायचं?" मी म्हणलं काका, खातं नवीन, पैसे जुनेच आहेत, आणि काकूंच्याच घराचे आहेत. यावर ते गप्प झाले. मग म्हणाले सोमवारी नवमी आहे, हिचं श्राद्ध, गुरुजी साडेअकराला येणार, सवाष्ण जेवायला सांगायची राहिलीय, तुलाच सांगणार होतो. म्हणलं येईन, पण आधी बँक.

रविवारी मुलगा बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर, काका इकडे मोबाइल घेऊन, आणि ॲपमधून एफडी मोडायचा कार्यक्रम चालला. मुलाला वाटत होतं मी उगाच घाबरवतेय, "लास्ट डेट तर रिटर्नची आहे ना ताई, पैशाचं काय". त्याला कलमाचा फोटो पाठवला, मग वाचून तोच माझ्यापेक्षा घाईला आला. संध्याकाळपर्यंत पैसे सेव्हिंगला आले. पेन्शन ज्या सरकारी बँकेत येते तिथे ऑनलाइन ट्रान्सफर करायचे तर नवीन नावाला पहिल्या दिवशी लिमिट, मग ठरलं की चेकच द्यायचा. मी खातं उघडायचा फॉर्म ए दोन प्रतीत भरला, पॅन, आधार, फोटो, आणि ती पूर्ण स्कीम प्रिंट करून फाइलीत ठेवली, का ठेवली ते पुढे कळेल.

सोमवारी दहाला बँकेच्या दारात. घराजवळच्या शाखेत म्हणाले, "मैडम ये हमारे यहाँ नहीं होता, मेन ब्रांच जाइए." काकांना मागे बसवून माझी ॲक्टिव्हा जवाहर मार्गाच्या गर्दीत. मोठ्या शाखेत ज्या साहेबांकडे पाठवलं त्यांनी फॉर्म उलटासुलटा बघितला, शेजारच्या टेबलावर विचारलं, तिकडच्यांनी अजून कोणाला विचारलं. असं खातं त्यांच्याकडे वर्षातून एखादंच येत असणार. शेवटी म्हणाले चेक बाहेरच्या बँकेचा आहे, "क्लियर होने दीजिए, जिस दिन पैसा आएगा वही डेट पड़ेगी."

म्हणजे १६ किंवा १७. म्हणजे सगळंच गेलं.

तेव्हा मी फाइलीतून ती प्रिंट काढली. त्या स्कीमच्याच नियमात लिहिलंय की चेकनी भरलं तर चेक अर्जासकट ज्या दिवशी शाखेत दिला ती जमा झाल्याची तारीख, फक्त चेक नंतर वटला पाहिजे. त्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. काकांचं लक्ष घड्याळाकडे. अकरा वाजून गेले होते, घरी गुरुजी येऊन बसतील, आणि काका सकाळपासून उपाशी. मी त्यांच्याकडून दोन्ही फॉर्मांवर आणि चेकमागे सह्या घेतल्या आणि ऑटोत बसवून दिलं. म्हणलं लागलं तर बोलवेन.

मग मी एकटी, त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आणि फोन थांबत नव्हता. सियागंजचे एक शेठ ॲडव्हान्स टॅक्सचं चलान भरत होते, पैसे खात्यातून कटले पण चलान दिसेना. एकाचा मुलगा शेअर बाजाराच्या एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, बऱ्यापैकी हरलेला, त्याचं रिटर्न आज नाही गेलं तर तो लॉस पुढच्या वर्षांत ओढता येणार नाही हे त्याला मी ऑगस्टपासून सांगत होते आणि तो मला त्या दिवशी दुपारी विचारतोय, "दीदी उद्या चालेल का?" ऑफिसातली मुलगी रडकुंडीला, एआयएस उघडत नाहीये, पेज फिरतंय नुसतं. तिला म्हणलं ज्यांचं डाउनलोड झालंय ते आधी काढ, बाकीचं रात्री.

दीडच्या सुमारास मॅनेजर स्वतः बाहेर आले. वरच्या ऑफिसला फोन लावून विचारलं होतं बिचाऱ्यांनी. म्हणाले, मैडम आप सही हैं, पर कस्टमर को सामने होना पड़ेगा. परत काका. नशीब श्राद्ध उरकलं होतं. ते आले तेव्हा कपाळावर गंध, हातात डबा. "सवाष्ण आलीच नाही, मग डबाच आणला." तिथेच काउंटरच्या बाजूला उभं राहून सही, फोटो, अंगठ्याचं मशीन. खातं टाइप ए, म्हणजे सेव्हिंगसारखं, की बी हे विचारलं तेव्हा काका एकदम सावध, बी मध्ये एफडीसारखं व्याज मिळतं ना? म्हणलं दसऱ्याला पैसे काढायचेत काका, ए च घ्या.

आणि मग तो शिक्का. फॉर्मच्या आमच्या प्रतीवर, जरा तिरका, निळा, बँकेचं नाव अर्धं पुसट पण तारीख मात्र स्वच्छ, १५ सप्टेंबर २०२५. चारच्या सुमारास खाते नंबर पण मिळाला. तो नंबर नुसता जपून ठेवायचा नव्हता, आयटीआर-२ मध्ये कॅपिटल गेनच्या शेड्यूलमध्ये जमा केल्याची तारीख, रक्कम, खाते नंबर आणि आयएफएससी टाकावा लागतो, म्हणजे नंबर नसता तर रिटर्नही नीट भरता आलं नसतं.

ऑफिसात येऊन पाचला तो डबा उघडला. खीर, भरड्याचे वडे, आमसुलाची चटणी. अविधवा नवमीची सवाष्ण बहुतेक पहिल्यांदाच कॉम्प्युटरसमोर जेवली असेल, एका हातानी खात दुसऱ्या हातानी चलान नंबर बघत.

रात्रीचं फार सांगण्यासारखं नाही, ज्यांनी तो दिवस काढलाय त्यांना माहितीये. पोर्टल मधेच लॉगआउट करायचं, भरलेलं परत भरा. एफ अँड ओवाल्या मुलाचं नऊला गेलं. काकांचं दहानंतर सबमिट झालं. ओटीपीसाठी त्यांना उठवलं नाही, ई-व्हेरिफिकेशनला ३० दिवस असतात, ते सकाळी केलं तरी चालतं. आणि मग बारा वाजायच्या जरा आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर धडाधड मेसेज, मुदत एक दिवसानी वाढली, १६ सप्टेंबर. एक दिवस! तोही असा की रात्री बारा ते अडीच पोर्टल मेंटेनन्सला. मुलगी हसायलाच लागली, मग मी पण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीपीसाठी काकांना फोन केला. त्यांनी पेपर वाचलेला होता.

"म्हणजे बँकेत आज गेलो असतो तरी चाललं असतं?"

"चाललं असतं. पण काल दुपारी हे कोणाला माहिती होतं काका?"

"हं." मग जरा वेळानी, "बरं, दसऱ्याला रजिस्ट्री झाली की ते खातं बंद करून टाकू, मला उगाच चार पासबुकं नकोत."

आता हे सांगायचं होतंच कधीतरी. म्हणलं काका, पैसे काढायला फॉर्म सी लागेल, काढलेले ६० दिवसांत घरासाठीच वापरायचे, आणि खातं बंद करायला इन्कम टॅक्स ऑफिसरची मंजुरी लागते, त्यासाठी व्हाइट चर्चसमोर आयकर भवनात अर्ज द्यावा लागेल.

फोनवर बराच वेळ काहीच आवाज नाही.

"तू ये ना मग माझ्याबरोबर," काका म्हणाले, "डबा आणतो."