चिंगीची शेपटी उसवली तेव्हा

मी कापडी खेळणी शिवते आणि अंगणवाड्यांमधून त्यांच्या गोष्टी सांगते. चिंगी ही त्यातली वीतभर उंदरीण. तिच्या सोबतीला जुन्या मोज्याचा बेडूक मोजूराव आणि गोधडीच्या तुकड्यांचं एक कासव. या गोष्टींत मांजर नाही, सापळा नाही. कापडाचं जे होतं तेच चिंगीचं होतं: ती भिजते, मळते, तिचा कापूस एका बाजूला सरकतो. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना एवढी अडचण पुरते. गोष्ट सात-आठ मिनिटांची, अडचण एकच, आणि दर वळणावर परत येणारी एक ओळ: "थांब चिंगे, आम्ही आलो!" तिसऱ्या खेपेला ती ओळ मुलंच म्हणतात.

सातारा जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत चिंगी अशीच हातोहात फिरत होती. दोघांनी एकदम धरली, शेपटी मुळाशी उसवली आणि कापूस बाहेर आला. सगळी पोरं चिडीचूप. एका मुलीनं विचारलं, "तिला दुखतंय?"

अशा वेळी "अगं, खेळणंच आहे ते" म्हणू नये. मुलांना ते ठाऊक असतं, तरी प्रश्न खरा असतो. "हो, खूप दुखतंय" असंही म्हणू नये. ज्याच्या हातून ओढलं गेलं तो रडकुंडीला आलेला असतो. मी मोजूरावाला हातात घातलं आणि त्याच्या घोगऱ्या आवाजात विचारलं, "आता रे काय करायचं?"

"फुंकर घाला." "हळद लावा!"

मदतनीसताई खिचडी टाकत होत्या, त्यांनी चिमूटभर हळद आणून दिली. मी खुशाल लावू दिली. हळदीचा डाग साबणानं आधी लालसर होतो, पण कडक उन्हात फिका पडतो.

मग तिथेच, सगळ्यांच्या मधोमध शिवायला बसले. दोरा शाबूत होता, कापडच टाक्यांपाशी विरलं होतं. जुनी सुती साडी हाताला मऊ लागते म्हणून चिंगी मी तिचीच करते. आतून मांजरपाटाचं, म्हणजे जाडसर सुती कापडाचं, अस्तर असलं तरी सगळा ताण शेपटीच्या मुळाशी येतो. शेपटी म्हणजे तीन पट्ट्यांची वेणी, 12 सें.मी. त्याहून लांब ठेवायची नाही, गळ्याभोवती गुंडाळता येता कामा नये. दोन सें.मी. टोक शिवणीच्या आत घ्यायचं आणि त्यावर उलट्या टिपेच्या तीन ओळी. नुसती वरून टाचलेली शेपटी कापडासकट निघते.

आधी कापूस चिमटीचिमटीनं आत सारला. एकदम कोंबला की त्याचे गोळे होतात आणि पाठीला कुबड येतं. आतून मांजरपाटाचा तुकडा, त्यावर शेपटीचं टोक, दुहेरी दोरा. वरून हिरव्या खणाचं ठिगळ, कडा अर्धा सें.मी. आत मुडपून. डोळ्यांना काहीच झालं नव्हतं, कारण ते भरीव टाक्याचे आहेत. मणी किंवा बटण मी कधीच लावत नाही. अंगणवाडीत मोठ्या भावंडाबरोबर दीड-दोन वर्षांचं पोरही येऊन बसतं, आणि सुटलेलं बटण थेट तोंडात जातं.

टाका पडला की मुलं एका सुरात म्हणत होती, "थांब चिंगे, आम्ही आलो!" ज्याच्या हातून शेपटी सुटली, त्याच्याकडे ती सरळ धरून ठेवायचं काम दिलं. शिवून झाल्यावर दोन्ही हातांनी ओढून बघावंच लागतं. तेही त्यालाच सांगितलं. त्यानं आधी अगदी बेतानं ओढली, मग जोर लावला. शेपटी हलली नाही. माझ्या मते त्या दिवसाची गोष्ट ती एवढीच होती, आणि ठरवून आणलेल्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली.

आता उसवलेली चिंगी मी घरी आणून गुपचूप दुरुस्त करत नाही. अंगणवाडीला खेळणं देताना बरोबर एका पिशवीत खणाची दोन ठिगळं, मांजरपाटाचा तुकडा आणि दोऱ्याचं रीळ देते. सुया मात्र सेविकाताईंच्या कुलपात राहतात. शिवण संपली की मुलं उठायच्या आधी त्या मोजून डबीत टाकायच्या.