कॅबिनेटच्या छताला १४० मिमीचा पंखा बसवताना

माझ्या संगणकाच्या कॅबिनेटचं छत अखंड पत्र्याचं होतं. समोर १२० मिमीचे दोन पंखे हवा आत घेतात, मागचा एक बाहेर टाकतो, पण प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यात गरम हवा कोंडून राहायची. तिथे छतात भोक पाडून पंखा बसवायचं ठरवलं. कापायला अर्धा तास पुरला. खरा वेळ गेला मोजमापात, आणि तो जायलाच हवा.

पंखा २५ मिमी जाड. मदरबोर्डाची वरची कड आणि छत यांच्यात जागा मात्र १८ मिमी. म्हणजे पंखा बोर्डाच्या कडेखाली ७ मिमी उतरणार, आणि नेमके तिथेच व्हीआरएमचे (प्रोसेसरला नेमका व्होल्टेज पुरवणाऱ्या भागांचे) उष्णता घालवणारे धातूचे ठोकळे, म्हणजे हीटसिंक, आणि प्रोसेसरच्या पॉवरचं आठ पिनांचं कनेक्टर असतं. मग पंखा बाजूच्या दाराकडे सरकवावा लागतो. बोर्डामागच्या पत्र्यापासून दाराच्या दुमडलेल्या पट्टीपर्यंत आत १९० मिमी होते. त्यातले ४३ मिमी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून वर धरणारे छोटे खांब), बोर्ड आणि हीटसिंक मिळून गेले, १४० पंख्याला, उरले ७. याहून जागा कमी असेल तर सरळ १२० मिमीचा पंखा घ्यावा. मी १४० घेतला तो तेवढीच हवा कमी फेऱ्यांत आणि कमी आवाजात ढकलतो म्हणून. प्रोसेसरवरच्या कूलरचं टोकही तपासलं: ते बोर्डाच्या कडेपासून २० मिमी खाली होतं, म्हणजे पंखा आणि कूलर यांच्यात १३ मिमी मोकळे.

आखणीचे आकडे पाठ असलेले बरे. १४० मिमीच्या पंख्याची स्क्रूची भोकं एकमेकांपासून १२४.५ मिमीवर, १२० च्या पंख्याची १०५ मिमीवर. आधी मध्यबिंदू, मग १२४.५ मिमी बाजूचा चौकोन, मग मध्यापासून ६७.५ मिमी त्रिज्येचं वर्तुळ. म्हणजे भोक १३५ मिमीचं. चौकोन खरा आहे का हे कर्णावरून कळतं: दोन्ही कर्ण १७६ मिमी भरले पाहिजेत. छापील नमुना वापरणार असाल तर त्यावर आधी पट्टी लावून पाहा. प्रिंटरने पानात बसवण्यासाठी तीन टक्के आकसवला, तर १२४.५ चे १२०.८ होतात आणि चौथा स्क्रू कधीच बसत नाही.

मशीनचं सगळं सामान बाहेर काढलं. बोर्ड आत ठेवून वर कापड टाकून कापणं हा शुद्ध धोका आहे. पत्र्याचा कीस कापडाखालून सरकतो, स्लॉटमध्ये जाऊन बसतो आणि कधीतरी दोन पिना जोडून टाकतो. छताचे रिव्हेट ड्रिलने उडवून पत्रा सुटा केला. तो सुटत असेल तर सोडवाच, कारण टेबलावर सपाट ठेवून कापलेली रेघ निराळीच येते.

पत्र्यावर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावून आखणी टेपवरच केली. त्याने रंगावर ओरखडे येत नाहीत. स्क्रूच्या भोकांसाठी सेंटर पंचने (टोकदार छिन्नीने ठोकून) खूण, ३ मिमीचं भोक, मग ४.५ मिमी. पातळ पत्र्यात साधं ड्रिल आरपार जाताना अडकतं आणि भोक त्रिकोणी पडतं. पत्र्याखाली प्लायवूड घट्ट धरलं की हे बरंचसं टळतं. स्टेप ड्रिलने (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या ड्रिलने) तर गोल भोक हमखास मिळतं.

जिगसॉला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या करवतीला, इंचात ३२ दातांचं पातं लावलं. त्याच्याही दोन दातांत ०.८ मिमी अंतर असतं आणि पत्रा तेवढाच जाड, त्यामुळे एका वेळी जेमतेम एक दात पत्र्यात असतो. म्हणूनच पत्रा थडथडतो आणि कड वाकते. उपाय एकच: पत्रा प्लायवूडच्या दोन तुकड्यांत क्लॅम्पने आवळायचा, आखणी वरच्या प्लायवर उतरवायची आणि तिन्ही एकत्र कापायचे. पातं आत जाण्यासाठी वर्तुळाच्या आतल्या बाजूला १० मिमीचं भोक, वेग कमी, आणि रेघेच्या १ मिमी आतून कापायचं. राहिलेलं अर्धगोल कानसेने. कानस ढकलताना दाब, ओढताना उचल. नाहीतर पत्रा गुंजतो आणि बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कुसळं, वाढत जातो. चष्मा आणि हातमोजे दोन्ही हवेत, मात्र ड्रिल चालवताना हातमोजे काढून ठेवायचे.

कडेला यू आकाराची रबरी पट्टी लावली, आणि ती काढावी लागली. १३५ च्या भोकात ती पंख्याची चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये येते, पंखा पत्र्यापासून दीड मिमी दूर राहतो आणि स्क्रू आवळले की चौकट वाकते. तशी पट्टी केबलच्या भोकांनाच योग्य. इथे कड गुळगुळीत करून प्रायमरचे दोन पातळ हात आणि वर रंग दिला. कापलेल्या कडेवर जस्ताचा थर उरत नाही, तिथून गंज धरतो.

याच खेपेला मागच्या पंख्यासमोरची पत्र्यातच ठोकलेली जाळी कापून टाकली. तिच्या भोकांपेक्षा पत्राच जास्त होता, आणि पंख्याचा बराचसा आवाज हवा त्या कडांवर आपटून होत होता. जागी तारेची जाळी लावली. कीस ब्रशने आणि पिशवीत गुंडाळलेल्या चुंबकाने टिपला. पिशवी उलटी केली की कीस सुटतो. अॅल्युमिनियमच्या कॅबिनेटला चुंबक उपयोगाचं नाही.

पंखा बसवताना चौकटीवरचा बाण बघायचा. बाण नसेल तर मोटर धरणाऱ्या दांड्यांच्या बाजूने हवा बाहेर पडते.

सगळं जोडल्यावर कागदाची पातळ पट्टी मागच्या रिकाम्या स्लॉटच्या फटीवर धरली. ती आत ओढली जात होती. बाहेर टाकणारे दोन पंखे समोरच्या फिल्टरमागच्या दोघांवर भारी पडले होते, म्हणजे धूळ फिल्टर चुकवून फटींतून आत येणार. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) छताच्या पंख्याच्या फेऱ्या कमी करत गेलो, पट्टी सैल लोंबेपर्यंत.