रेषेबाहेरची नोकरी

महोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या या शाळेच्या एकाही संघात माझी निवड झाली नाही. प्रथमोपचाराची पेटी सांभाळायला मात्र सर मलाच बोलवायचे, आणि पुढे तेच पोटापाण्याचं साधन झालं. धावपटू, फुटबॉलपटू, क्रिकेटपटू, मधली काही वर्षं एक नृत्यपथक आणि सैन्यात नव्याने भरती झालेली मुलं, अशा सगळ्यांचे घोटे-गुडघे हाताखालून गेले. नर्तक आणि जवान यांचं दुखणं बऱ्याचदा एकच निघायचं. सराव एकदम वाढवला की नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसतही नाही, त्यामुळे 'नाटकं करतोय' हा शेरा ठरलेला.

पट्टी बांधणं कुणालाही शिकता येतं. अवघड असतं ते 'आज खेळायचं नाही' हे सांगणं, तेही अंतिम सामन्याच्या सकाळी. गुडघ्याच्या लिगामेंटचं (एसीएल) ऑपरेशन झालेला खेळाडू पाच-सहा महिन्यांत छान पळतो, आणि मग त्याला थोपवणारे आम्हीच खलनायक! २०१६ साली नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितकं लांबवाल, तितका दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका जवळपास निम्म्याने घटतो, असं त्यात दिसलं. तो कागद मी खिशात घेऊन फिरायचे.

डोक्याला लागलेल्या चेंडूचं प्रकरण याहून वाईट. बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करायचा, पण त्याला फलंदाजी-गोलंदाजी करता येत नसे. संघ एकाने कमी पडणार म्हणून गरगरणारा फलंदाजही 'ठीक आहे' म्हणायचा. २०१९ मध्ये आयसीसीने, म्हणजे क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, अशा वेळी फलंदाजी-गोलंदाजीही करू शकेल अशा पूर्ण बदली खेळाडूची मुभा दिली आणि त्याच वर्षी लॉर्ड्सच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. माझ्या कितीतरी वर्षांच्या समजावण्याने जे झालं नाही, ते एका नियमाने केलं.

महोत्सवी निधीतून शाळेने एक मोठा टब घ्यावा, अशी माझी सूचना आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत मुलाला उष्माघात झाला, अंगाचं तापमान ४० अंशांवर गेलं आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर रुग्णवाहिका बोलवायचीच, पण तिची वाट बघत बसायचं नाही. त्याला लगेच गळ्यापर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, डोकं धरून ठेवायचं. आधी थंड करायचं, मग रुग्णालयात हलवायचं. महोत्सवाची कमान उभारण्यापेक्षा टब स्वस्त पडेल. बर्फाची सोय शर्यतीच्या आदल्या दिवशीच करून ठेवा.