आबांचा टास्को, केळीचं खोकं आणि चार महिन्यांच्या नोंदी

आखाजीच्या आधीचा रविवार. धुळ्याहून पहिल्या एसटीने अंमळनेर गाठलं. ओळखीतल्या एका आबांनी जुनी एअर गन विकायला काढल्याचं कळलं होतं. पोचलो तर ती आदल्या दिवशीच कुणीतरी नेलेली. उरला होता फक्त तिचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, पायातल्या मोज्यात गुंडाळलेला. ४×३२ (चौपट मोठं दाखवणारा, पुढची काच ३२ मिलिमीटर), एक इंची नळी, बंदुकीवर धरणाऱ्या रिंगा बसायच्या त्या जागेवरचा काळा रंग उडालेला. नळीवर ‘टास्को’ आणि खाली बारीक अक्षरात ‘जपान’.

“कुवेतथून आणेल शे. काच देख, नाव नको देखू,” आबा म्हणाले.

मी अर्थातच आधी नाव पाहिलं. आपल्या छंदातल्या मंडळींची दोन टोकं आहेत. एक म्हणतो टास्को म्हणजे खेळणं, दुसरा म्हणतो जुनं जपानी म्हणजे सोनं. टास्को ही फ्लोरिडातली कंपनी. जुन्या काळात ती माल जपानी कारखान्यांकडून बनवून घ्यायची. २००२ साली तिचा कारभार आटोपला आणि नाव बुशनेल या दुसऱ्या अमेरिकन कंपनीकडे गेलं. म्हणजे त्याच नावाखाली वेगवेगळ्या देशांतला, वेगवेगळ्या किमतीचा माल निघालेला आहे. वीव्हर या दुसऱ्या स्कोपवाल्या नावाचंही तसंच. नळीवर ‘एल पासो’ असेल तर ती जुनी अमेरिकन बनावट, नंतरची निराळी. त्यामुळे नुसता ‘टास्को कसा आहे?’ हा प्रश्न ‘एसटी कशी आहे?’ असं विचारण्यासारखा आहे. कुठली गाडी, कुठल्या डेपोची, ते आधी सांगा.

ओट्यावर बसून वीसेक मिनिटं घेतली. आबांनी चहा टाकायला सांगितला, तेवढा वेळ मिळाला. घरात ट्यूबलाइट लावायला लावली आणि पुढच्या काचेत तिचं प्रतिबिंब पाहिलं. पांढरंफेक दिसलं असतं तर काचेला कोटिंगच नाही. इथे निळसर जांभळं दिसलं, म्हणजे मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर. हिरवट दिसलं तर बहुधा अनेक थर. हा नुसता शोभेचा प्रश्न नाही. कोऱ्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत जातो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच गेला. एका थराने हा तोटा पृष्ठभागामागे दीड टक्क्याच्या आसपास येतो, म्हणजे एकूण १४ टक्के. लालभडक चमकणाऱ्या काचेला मात्र भुलू नका. तो लाल रंग तुमच्या डोळ्याकडे न येता बाहेर फेकला जातोय, म्हणून आतलं चित्र हिरवट निळं दिसतं.

मग मोबाइलची बॅटरी पुढून मारून डोळ्याच्या बाजूने पाहिलं. मधोमध स्वच्छ. कडेला मात्र कोळ्याच्या पायासारखी एक तंतूची रेघ, दोनेक मिलिमीटर. बुरशी. काचा चिकटवलेल्या जागी पिवळट चट्टा किंवा इंद्रधनुषी डाग नव्हता. तो असता तर मी चहा पिऊन उठलो असतो, कारण तो घरच्या घरी दुरुस्त होत नाही. स्कोप कानाशी धरून हलवला, आत काही खुळखुळलं नाही. टरेटची (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवायच्या फिरत्या बटणांची) टोपणं उघडून स्क्रूची डोकी पाहिली. ती खरवडलेली असली की समजायचं, आधीच्या मालकाने घरी ऑपरेशन केलंय. ही शाबूत होती.

“बोल, काय देशी?”

आबांनी २,५०० सांगितले. बुरशी दाखवली, त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती पाहिली आणि “तितली तं मन्हा डोयामा बी शे” म्हणाले. १,६०० ला जमलं. रिंगा फुकट.

पुढच्या आठवड्यात केळीचं खोकं कामाला आलं. समोरासमोरच्या दोन भिंतींना वरून व्ही आकाराचे काप दिले, त्यात स्कोप आडवा ठेवला आणि गच्चीवरून दूरच्या पाण्याच्या टाकीवरच्या एका अक्षरावर क्रॉसहेअर, म्हणजे आतली नेमाची फुली, आणला. खोकं न हलवता स्कोप स्वतःभोवती गोल फिरवायचा. क्रॉसहेअर त्या अक्षराभोवती गोल फिरला तर तो नळीच्या मध्यावर नाही. टरेट थोडं थोडं फिरवत तो जागच्या जागी फिरेपर्यंत आणायचा. बंदुकीवर चढवण्याआधी हे केलं की दोन्ही बाजूंना फिरवायला जागा उरते. सकाळी आठच्या आत उरका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दहानंतर टाकीवरची अक्षरं वितळायला लागतात आणि बिचाऱ्या स्कोपला दोष लागतो. (बंदुकीवर चढवलेल्या स्कोपमधून गावाकडे बघायचं नाही, आणि कुठल्याही स्कोपमधून सूर्याकडे. माहीत असतं सगळ्यांना, तरी लिहितो.)

यानंतरचे तीन आठवडे वाया गेले, आणि ते माझ्याच डोक्यामुळे. माझ्या स्प्रिंगच्या .१७७ (इंचांत छर्ऱ्याची जाडी) एअर गनवर तेव्हा एक नवाकोरा ३-९×४० झूमवाला स्कोप बसवलेला होता, ऑनलाइन २,४०० ला घेतलेला, ब्रँड सांगत नाही. काच झकास. आबांच्या टास्कोपेक्षा चित्र उजळ, कडेपर्यंत धारदार. पहिल्या दीडशे-दोनशे छर्ऱ्यांना १० मीटरवर दहा छर्ऱ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, १५ मिलिमीटरच्या आत यायचा. मग तो पसरत ४० वर गेला. मी छर्रे बदलले. रिंगांचे स्क्रू आवळले. स्प्रिंग थकली असेल म्हणून कारागिराला फोन केला. शेवटी माझेच हात थरथरतात असं ठरवून टाकलं. स्कोपवर संशय आला नाही, कारण चित्र इतकं सुंदर होतं!

एका रविवारी बंदूक पोत्यांवर टेकवून, छर्रा न भरता आणि घोडा न चढवता, टरेटवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक केलं. क्रॉसहेअर कागदावरून उडी मारून बाजूला गेला. पुन्हा टकटक, पुन्हा दुसरीकडे. आतली जी बारीक नळी क्रॉसहेअर धरते, तिला मागून रेटणारी स्प्रिंग ढिली पडली होती.

स्प्रिंगच्या एअर गनचा धक्का विचित्र असतो. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा बंदूक मागे येते आणि पिस्टन टोकाला पोचून थांबतो तेव्हा ती पुढे झटका खाते. गोळीच्या रायफलीचा स्कोप मागच्या धक्क्यासाठी बांधलेला असतो, हा पुढचा झटका त्याच्या हिशेबात नसतो. त्यात झूमवाला असेल तर आत भिंगांचे दोन संच खाचांतून मागेपुढे सरकत असतात. फिक्स ४× मध्ये ही भानगडच नाही. म्हणूनच जुना साधा ४×३२ कधी कधी नव्या चकचकीत झूमपेक्षा जास्त टिकतो. जपानी काचेची पुण्याई त्यात फार नाही.

मग दोन्ही स्कोपांची चौकोन चाचणी घेतली. गोळीबार नाही, स्कोप वाइसमध्ये (कारागिराच्या पकडीत) कापड लावून घट्ट, समोर १० मीटरवर आलेख कागद. टरेटचा एक क्लिक पाव मिनिट ऑफ अँगल (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), म्हणजे १० मीटरवर साधारण ०.७३ मिलिमीटर. ४० क्लिक वर, ४० उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. क्रॉसहेअरने २९ मिलिमीटरचा चौकोन काढून निघाल्या जागी परत यायला हवं. नव्या स्कोपने वर जाताना २२ घेतले, उजवीकडे ३१, आणि परत आला तो सुरुवातीपासून बोटभर लांब. टास्कोने सगळ्या बाजू २७ ते २८ च्या दिल्या आणि जवळपास त्याच रेघेवर थांबला. एक खोड आहे त्याची: क्लिक फिरवले तरी क्रॉसहेअर जागचा हलत नाही, टरेटवर दोनदा टिचकी मारली की आळस झटकून जागेवर जातो. जुन्या स्कोपात हे पुष्कळदा दिसतं. झिरो करताना (छर्रा आणि क्रॉसहेअर एकाच जागी आणताना) टिचकी मारा, नाहीतर तिसऱ्या छर्ऱ्याला तो आपोआप सरकेल आणि तुम्ही पुन्हा उलट फिरवत बसाल.

कानबाईच्या रोटांच्या आठवड्यात फ्रीजची चाचणी. स्कोप पिशवीत गुंडाळून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये आणि मग दमट हवेत बाहेर. बाहेरून काच धुकट होणारच, ती पुसली की जाते. पुसूनही जात नसेल तर धुकं आत आहे, म्हणजे धुकं धरू नये म्हणून आत भरलेला नायट्रोजन कधीच निघून गेलाय. बायकोने दह्याच्या भांड्याशेजारी ती पिशवी पाहिली आणि “यात काय बुरशी वाढवताय का?” असं विचारलं. नेमकं उलट चाललंय, हे समजावता आलं नाही. निकाल बरा: आत अगदी हलकी वाफ, पाच मिनिटांत गेली. गॅस उरलेला नाही, पण सीलही पार गेलेलं नाही.

टास्कोत एक उणीव आहे आणि ती राहणारच. त्याचा पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर बांधलेला, म्हणजे डोळा सरकला तरी क्रॉसहेअर निशाणीवर स्थिर दिसतो तो त्याच अंतरावर, आणि मी मारतो १० मीटरवर. इथे डोळा मधून सरकला की क्रॉसहेअर निशाणीवर फिरतो. ३२ मिलिमीटरच्या काचेला हिशेबाने ही चूक जास्तीत जास्त १४ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. पुढची कडी सैल करून भिंग थोडं बाहेर फिरवलं तर अंतर जवळ आणता येतं, ते मी त्या बिघडलेल्या ३-९ वर करून पाहिलं आणि जमलंही. आबांच्या स्कोपची कडी उघडून उरलंसुरलं सील घालवायला मात्र मन होत नाही. त्यापेक्षा दस्त्यावर पुठ्ठ्याची गालटेकणी बांधली, गाल दर वेळी एकाच जागी बसतो.

टास्को बंदुकीवर चढवून उघडलेला पाचशे छर्ऱ्यांचा डबा परवा संपला. झिरो हललेलं नाही, ग्रुप १४ ते १६. कुणी १,६०० जास्त झाले म्हणेल. माझ्या मते बुरशी नसती तर २,००० पर्यंत ठीक होतं, त्यापुढे १० मीटरवाल्याने फिरता पॅरॅलॅक्स असलेला, स्प्रिंग गनसाठीच बनवलेला नवा घ्यावा.

स्कोप आता सिलिका जेलच्या दोन पुड्यांसोबत हवाबंद डब्यात असतो, रविवारी सकाळी बाहेर. बुरशीच्या रेघेचा फोटो महिन्यातून एकदा घरच्या एकाच ट्यूबलाइटखाली काढतो. तीन फोटो झालेत, रेघ तेवढीच आहे. चौथा पोळ्यानंतर.